कपाटातून ऐकलेली करामत

कुलूपवाला त्या दुपारी डबा विसरला म्हणून घरी परत आला. एवढंच निमित्त. उपाशी राहिला असता, तर आज गल्लीत ताठ मानेने चालला असता.

दारातच त्याला स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "काय करामत आहे हो! कळलंसुद्धा नाही!"

त्याचा पाय उंबऱ्यावरच थिजला. बायको त्याच्या उस्तादाची मुलगी. सासरेबुवा सांगायचे, "काम होणं म्हणजे करामत नव्हे. काम कोणी केलं याचा पत्ताही लागू नये, ती करामत." त्यांनी हा शब्द जन्मात दोनदा वापरला. मुलीने बारा वर्षांच्या संसारात एकदाही नाही. (त्याने घरातली सहाच्या सहा कुलपं दुरुस्त केली, तेव्हा ती म्हणाली होती, "बरं.")

मग आज करामत कोणाची? आणि 'हो' कोणाला?

आत बायको आणि आई मटार सोलत बसल्या होत्या.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही," दोघी म्हणाल्या. एकदम! त्याच्या मनात पाल चुकचुकली. (आईसुद्धा सामील!)

दुसऱ्या दिवशी तो दुकानात जातो म्हणून निघाला, मागच्या दाराने परतला आणि कपड्यांच्या कपाटात शिरला. दार मागे लागलं. खट्! कुलूप त्यानेच दुरुस्त केलेलं. आतून उघडत नाही, हा त्याला तेव्हा त्याचा गुण वाटला होता.

तासाभराने कपाट शिंकलं.

"अगंबाई! आत कोण?"

"मी."

"तुम्ही? काय करताय?"

"कुलूप तपासतोय."

"मग या की बाहेर."

आतून दाराला दोन धक्के बसले. मग बारीक आवाज आला, "येता येत नाहीये."

"आई, जरा येता का?"

सपाता सरपटत आल्या. कुलपात केसांचा आकडा फिरला आणि पापणी लवायच्या आत दार उघडलं.

"करामत!" बायको म्हणाली.

कुलूपवाला डोक्यावरची साडीही न काढता बघत राहिला. "आई, तू हे कधी शिकलीस?"

"तू शिकत होतास तेव्हाच. तू जेवायला बसलास की तू बिघडवलेली कुलपं कोण नीट करत होतं?"

"म्हणजे घरातली सहाही...?"

आईने सुनेकडे पाहिलं. सुनेने छताकडे.

"पाच," आई म्हणाली. "कपाटाचं राहिलं होतं."