आजची वाइन

चुलीवर भाजल्या जाणाऱ्या सुकटीचा खारट, करपट दरवळ आठवला, की मला सरावलीतला आमच्या दोन घरांमधला कठडा आणि त्यापलीकडचे दामूकाका दिसतात. केळव्याच्या वाडीत वाढलेले आणि कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ प्रत्येक वस्तूला नाक लावून एकच प्रश्न विचारीत, "आजची हाय?" मेथीची जुडी सोडा, उन्हात वाळून खडखडीत झालेल्या सुकटीलाही हा प्रश्न चुकला नाही, आणि विकणारी कोळीण आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

हा दंडक अर्थात पाहुण्यांसाठी. काकी गेल्यापासून ते स्वतः मात्र कालच्या भातावर परवाचे कालवण ओतून जेवत. "एकट्याला चालतं, बाय," एवढेच म्हणत.

लेक सुनंदा नाशिकला दिलेली. तिचे सासूसासरे प्रथमच जेवायला यायचे होते, आणि व्याही जेवताना वाइन घेतात, असे तिने फोनवर सांगितले. काकांची झोपच उडाली. लेकीची सासरी मान खाली जाता कामा नये. बाटलीवरची बारीक अक्षरे वाचण्यासाठी त्यांनी मला बोईसरच्या दुकानात नेले.

दुकानदाराने अदबीने एक तांबडी बाटली पुढे केली. मी साल वाचले, आणि काकांचा चेहरा आंबला. ताडी प्यायची ती सकाळची, दुपारी तिचा कस गेला, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. ही तर काही वर्षांची निघाली. "पाहुण्यांना शिळी देऊ?" दुकानदार हिंदीत विनवीत राहिला, की जुनी तीच उत्तम. मऊ पडलेले पापलेट गळ्यात मारू पाहणाऱ्याकडे पाहावे, तसे काकांनी त्याच्याकडे पाहिले. अखेर जिच्यावर सर्वांत कमी धूळ होती, ती बाटली घेतली आणि घरी येऊन ओल्या फडक्याने भिजवून लेबलावरचे साल नखाने खरवडून टाकले.

पाहुणे सुनंदासह आले, त्या रात्री पंगतीला मीही होते. व्याह्यांची स्वतःची द्राक्षबाग. त्यांनी बाटली उजेडाकडे धरून फिरवली, पुन्हा फिरवली आणि विचारले, "कोणत्या सालची?"

"आजची," काका ताठ मानेने म्हणाले.

सुनंदाने डोळे मिटून घेतले. व्याह्यांनी घोट तोंडात घोळवला, खरवडलेल्या लेबलावरून अंगठा फिरवला आणि गंभीरपणे म्हणाले, "व्याहीबुवा, इतकी ताजी मी कधीच प्यालो नव्हतो."

काकांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. सुनंदा गार पाणी आणायला उठली आणि फ्रिज उघडून तशीच उभी राहिली. आत डब्यांवर डबे रचलेले होते. शिळ्या कालवणांवर पांढरी साय धरली होती.

सकाळी सासूसासरे परतले. सुनंदा मात्र मागे राहिली. कठड्यापलीकडून तांदळाच्या भाकरीचा उबदार, दुधाळ वास आला. मी सवयीने विचारले, "काका, रात्रीचं बरंच उरलं असेल ना?"

वाफाळती भाकरी या हातातून त्या हातात झेलीत ते कठड्यापाशी आले. तिला नाक लावले. मग, मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाले,

"ताजी."