चकचकीत बोल्ट

पेटीच्या झाकणाला आठ बोल्ट होते. सात मळकट, कडेने रंगाचे ओघळ सुकलेले. आठवा मात्र, उजव्या बाजूचा खालून दुसरा, असा लखलखीत की त्यात आपली भुवई दिसावी. कारखान्याच्या सेफ्टी मॅडमना तो गेलं वर्षभर दिसत होता. कधी मिक्सिंगच्या खोलीत, कधी फिल्टरच्या, कधी फिलिंगच्या. ज्या खोलीत काम चालू असेल तिथे जाऊन त्या बोट लावून आठ मोजत, कागदावर आठ लिहीत आणि मनात म्हणत, फिटरमामांनी घासूनपुसून ठेवलाय वाटतं. आठांतला एकच का घासला, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. चार वर्षं पदार्थविज्ञान शिकलेल्या बाईला तर नक्कीच.

कारखाना रंगाचा. थिनरची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण ती कायम एका ठिणगीच्या शोधात असते. म्हणून त्या तीन खोल्यांतले सगळे स्विच जाड लोखंडी पेट्यांमध्ये कोंडलेले, खोलीला एक पेटी. आत ठिणगी पडली, अगदी भडका उडाला, तरी तो आतल्या आत विझावा हे पेटीचं काम. अट एकच: आठही बोल्ट घट्ट हवेत. एक कमी असला तर झाकण तिथे केसभर उचललं जातं, आणि आगीला बाहेर पडायला केसभर वाट पुरते.

पेट्या आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. आठवडाभर खोल्या बंद ठेवून त्या बदलाव्यात, असं टिपण मॅडमनी तीन वर्षांत नऊ वेळा लिहिलं होतं. प्रत्येकाच्या शेवटी, 'योग्य वाटल्यास विचार व्हावा.' मॅनेजरसाहेब ते नीट वाचत, मान डोलावत आणि म्हणत, "बघू." पाठीमागे सगळे त्यांना बघूसाहेबच म्हणत. माणूस वाईट नव्हता. 'नाही' म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे आणि 'हो' म्हणायला धीर होत नसे, एवढंच.

सरकारी तपासणीच्या दिवशी मात्र साहेब सकाळपासून भलत्याच उत्साहात होते.

"आज तिन्ही खोल्या चालू ठेवा! तपासनीस येतायत. कारखाना कसा गजबजलेला दिसला पाहिजे."

फिटरमामांच्या हातातला चहा बशीत सांडला. "तिन्ही? एकदम?"

"का? काही अडचण?"

"अडचण नाही, साहेब. जरा धावपळ होईल."

"होऊ दे की! धावपळच दिसायला हवी."

तपासनीस आले ते वयस्कर, किडकिडीत आणि अत्यंत सावकाश. मिक्सिंगच्या खोलीत त्यांनी घामेजलेला चष्मा काढला, पुसला, पेटीवर ठेवला आणि झाकणावरून बोटं फिरवायला सुरुवात केली.

"मी बोटांनी मोजतो," ते म्हणाले. "डोळे फसवतात, बोटं नाही फसवत. सहा, सात, आठ. छान!"

फिटरमामा पेटीच्या बाजूला हात बांधून उभे होते, मिक्सिंगवाल्या ताई मोठ्या पिंपाशेजारी उभ्या होत्या. गेली बारा वर्षं त्या तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मॅडमकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे 'सुटलो'.

मंडळी व्हरांड्यात आली. साहेब पाहुण्यांना नव्या झाडांच्या कुंड्या दाखवू लागले, आणि तेवढ्यात फिटरमामा पितळी पाना खिशात कोंबून मागच्या बोळात दिसेनासे झाले. पन्नाशी उलटलेला, गुडघे कुरकुरणारा माणूस इतक्या वेगाने जाताना मॅडमनी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

फिल्टरच्या खोलीत पेटीवर आठ बोल्ट. सात मळकट, एक चकचकीत. उजव्या बाजूचा, खालून दुसरा. त्याच्या डोक्यावर नखाएवढा ओरखडा, अर्ध्या चंद्रासारखा. मॅडम त्याच्याकडे वाकल्या. हा अर्धा चंद्र त्यांनी पाचच मिनिटांपूर्वी मिक्सिंगमध्ये पाहिला होता.

फिलिंगच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा फिटरमामा पेटीपुढे एका गुडघ्यावर बसून भात्यासारखे धापा टाकत होते.

"तुम्ही इथे कसे?" तपासनीसांनी विचारलं. "मघाशी तर पहिल्या खोलीत होतात."

"मी सगळीकडेच असतो, साहेब. देखभाल!"

"सहा, सात, आठ. वा! देखभाल असावी तर अशी."

त्यांची पाठ वळताच मॅडमनी हळूच बोट लावलं. सात बोल्ट थंडगार होते. आठवा कोमट होता. लोखंड आपणहून तापत नाही; कुणीतरी ते मुठीत घट्ट धरून पळालेलं असतं.

"मामा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "हा बोल्ट फिरतीवर आहे का?"

"हळू, मॅडम! तीन पेट्या मिळून दोन बोल्ट गेल्या वर्षी गंजून तुटले. ते बाजारात मिळत नाहीत, पेटीवाल्याकडूनच येतात. खरेदीवाला म्हणाला, पन्नासाच्या खाली मागवता येत नाहीत. पन्नासाची चिठ्ठी घेऊन साहेबांकडे गेलो, तर साहेब म्हणाले…"

"बघू."

"बघा, तुम्हाला माहीतच आहे. मग मी आपला नियम केला. एक दिवस मिक्सिंग, दुसऱ्या दिवशी फिल्टर, तिसऱ्या दिवशी फिलिंग. जी खोली चालू, तिथे बोल्ट. बाकी दोन खोल्यांची वीज मी माझ्या हाताने तोडतो, कुलूप लावतो, किल्ली खिशात. वर्षभरात एकदा चुकलो असेन तर पोरांची शपथ."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

मामांनी मान खाली घातली. "तुम्ही दहावं टिपण लिहिलं असतं."

हे मात्र मॅडमना बोल्टपेक्षा जास्त टोचलं. पण आत्ता टोचून घ्यायलाही वेळ नव्हता.

"मामा, आज तिन्ही खोल्या चालू आहेत."

"म्हणून तर पळतोय ना!"

म्हणजे बोल्ट इथे आहे. म्हणजे तिकडे मिक्सिंगमध्ये, जिथे वाफ सगळ्यात दाट, सात बोल्टांची पेटी चालू आहे आणि तिच्यापासून चार पावलांवर ताई उभ्या आहेत.

इतक्यात तपासनीस खिसे चाचपू लागले. "माझा चष्मा? त्याच्याशिवाय दाखला कसा लिहू? हां, पहिल्या खोलीत, पेटीवर राहिला. चला, जाऊन येऊ."

"मी आणते," मॅडम म्हणाल्या आणि पळत सुटल्या. 'कारखान्यात पळू नये' ही पाटी त्यांनीच लावलेली होती. तिच्याखालून त्या पळाल्या. कुंड्यांना पाणी घालणारा माळी ते बघून झारी टाकून उभाच राहिला. मॅडम पळतायत म्हणजे आपणही पळावं की काय, हे त्याला ठरवता येईना.

मिक्सिंगमध्ये पिंप घुमत होतं. ताई स्वतःशी गुणगुणत होत्या. पेटीवर तपासनीसांचा चष्मा होता आणि खाली, उजव्या बाजूला, एक काळं भोक. चष्मा लावलेली, एक दात पडलेली म्हातारी रोखून बघावी, तशी ती पेटी मॅडमकडे बघत होती.

"मॅडम, तुम्ही आणि पळताय?" ताईंचं गुणगुणणं थांबलं. त्यांनी मॅडमच्या नजरेमागून पेटीकडे पाहिलं. त्यांनाही भोक दिसलं.

एवढ्यात पुढच्या दारातून साहेब आणि तपासनीस आत आले. आपला चष्मा दुसऱ्याच्या हाती देण्यावर पाहुण्यांचा विश्वास नव्हता. आणि मागच्या दारातून, बरोबर तीन पावलं उशिरा, फिटरमामा. एका हातात पितळी पाना, दुसरी मूठ बंद.

तपासनीसांनी चष्मा चढवला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी पेटी डोळ्यांनी पाहिली.

"अरेच्चा! मघाशी इथे आठ होते."

मामांनी मूठ उघडली. तळहातावर अर्धा चंद्र चमकला.

"हा इथलाच, साहेब," मामा पुटपुटले. "म्हणजे… तसा सगळीकडचाच."

"एकच? तिन्ही खोल्यांना?" तपासनीस मामांकडे, मग आपल्या बोटांकडे बघत राहिले. आयुष्यभर कधीच न फसवणारी बोटं.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. "त्याचं असं आहे… म्हणजे मॅडम, आपण हे… जरा शांतपणे, जेवण झालं की… बघू."

सगळ्यांच्या माना मॅडमकडे वळल्या. पळताना त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं: धोका दिसल्यास काम थांबवण्याचा अधिकार. तीन वर्षं ते वाक्य त्यांच्या छातीला चिकटून होतं. पण ते वाचायला ओळखपत्र उलटावं लागतं, आणि त्या नऊ वेळा टिपण लिहीत बसल्या होत्या. योग्य वाटल्यास. विचार व्हावा.

ताईंचा हात दाराशेजारच्या, तिन्ही खोल्यांची वीज तोडणाऱ्या लाल बटणावर कधीच जाऊन पोचला होता. तो नुसता वाट बघत होता, कुणीतरी म्हणायची.

"बघून झालं, साहेब," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "ताई, बंद करा. तिन्ही खोल्या. नव्या पेट्या बसेपर्यंत."