रातांब्याच्या बचावाची रंगीत तालीम

यंदा जेद्दात कितीही पाऊस पडू दे, आपल्या नर्सरीतलं एक पानसुद्धा भिजणार नाही, असं सिराजुद्दीनने जाहीर करून टाकलं होतं. पानं भिजली तर झाडांचं बिघडतं काय, असं त्याला कोणी विचारलं नाही. त्या दिवसांत त्याला काहीही विचारलं, की उभ्या उभ्या सगळी आपत्कालीन योजना ऐकावी लागायची!

योजनेला कारणही तसंच होतं. जेद्दात वर्षभर आभाळ कोरडंठाक असतं आणि मग एखाद्या दिवशी असं काही कोसळतं, की रस्त्यांची खाडी होते. मागल्या वर्षी ही खाडी थेट नर्सरीत शिरली. सिराजुद्दीन गडबडला आणि हाताला लागेल ते वाचवत सुटला. हाताला लागला तो ऑफिसातल्या एसीचा रिमोट! तो डोक्यावर धरून सिराजुद्दीन गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांदेखत बायकोच्या कढीपत्त्याची कुंडी तरंगत तरंगत फाटकाबाहेर गेली. एसी बुडाला. रिमोट मात्र आजही ठणठणीत आहे.

बायकोने, म्हणजे खैरुन्निसाने, कढीपत्त्याचं दुःख गिळलं. तिचा खरा जीव होता रातांब्यात, आमसुलं होतात त्या झाडात. दाभोळला तिच्या आईच्या परसात एक जुना रातांबा आहे. त्याचं कलम सगळी रीतसर कागदपत्रं करून तिने इथे आणलं होतं. उन्हाळ्यात त्याच्याभोवती ओलं गोणपाट, सकाळी तांदळाच्या धुवणाचं पाणी, अशी त्याची बडदास्त इतकी वर्षं चालली होती. आणि यंदा पहिल्यांदाच त्याला कळ्या धरल्या होत्या.

"याला काय झालं ना," ती नवऱ्याला शांतपणे म्हणाली, "तर मग त्या रिमोटशीच संसार करा."

सिराजुद्दीनने हे फार मनावर घेतलं. कफीलने, म्हणजे त्याच्या सौदी मालकाने, गमतीने 'यंदा पावसाचं काय करणार?' एवढंच विचारलं होतं, त्याला याने भिंतीवर नकाशा काढून दाखवला. शिट्टी वाजली, की सगळ्या माळ्यांनी कुंड्या उचलून उंचावर न्यायच्या. आसपास उंच जागा एकच होती, रस्त्यापलीकडच्या मशिदीसमोरचा रुंद फुटपाथ. जे सर्वांत मोलाचं, ते सर्वांत आधी बाहेर. म्हणून रातांबा पहिला! संकटात माणूस आधी तहानेने कोसळतो, असं सिराजुद्दीनचं स्वतःचं मत असल्यामुळे माळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणि खजुरांची खोकीही त्याच फुटपाथवर ठेवायची होती.

आता रंगीत तालीम हवी. तिच्यासाठी त्याने शुक्रवारची दुपार निवडली, कारण जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी नर्सरी बंद असते, गिऱ्हाईक नसतं, रस्ता मोकळा असतो. त्याने स्वतः घराजवळच्या, लवकर आटोपणाऱ्या मशिदीत नमाज पढला आणि धावतपळत नर्सरीवर येऊन शिट्टी फुंकली.

तालीम कशी झाली म्हणता? अशी, की पाहणाऱ्याने दृष्ट काढावी. माणगावचा भिकू हा माळ्यांचा म्होरक्या. त्याने रातांब्याला कडेवरच्या पोरासारखं उचलून सर्वांत पुढे, सावली बघून ठेवलं. पाठोपाठ जास्वंदी आल्या, मोगरे आले, लिंबं आली. कुंड्यांची रांग लागली, शेजारी पाणी, शेजारी खजूर. सिराजुद्दीन कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत होता, तोच समोरच्या मशिदीतला जुम्मा सुटला.

जेद्दात जुम्म्यानंतर मशिदीबाहेर पाण्याची आणि खजुरांची खोकी मांडलेली असली, तर त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. कोणीतरी पुण्याईसाठी वाटप करतंय! कुंड्या मांडणाऱ्यांत हा अर्थ माहीत असलेला माणूस एकच होता, सिराजुद्दीन, आणि नेमका तोच तो विसरला होता.

पहिल्या माणसाने पाण्याची बाटली घेतली. दुसऱ्याने खजूर घेतले आणि मोगराही घेतला. तिसऱ्याने लिंबाची कुंडी गाडीत ठेवता ठेवता सिराजुद्दीनच्या रोजीत बरकत मागितली. सिराजुद्दीन थांबवायला पुढे झाला खरा. पण जो माणूस आपल्यासाठी हात वर करून दुआ मागतोय, त्याच्या हातातली कुंडी हिसकावणार कशी? बरं, त्याचं अरबी दुकानापुरतं. खत, पाणी, किंमत आणि खलास. 'ही पुराची तालीम आहे' हे त्यात बसेना. तो नुसताच मान हलवत राहिला आणि लोकांना वाटलं, किती नम्र माणूस आहे!

तेवढ्यात पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे सौदी गृहस्थ रातांब्यापाशी थांबले. अबू तुर्की म्हणत त्यांना, हे नंतर कळलं. असं झाड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हे कोणाचं, असं त्यांनी विचारलं. सिराजुद्दीनच्या जिवात जीव आला. झाड देण्याचं नाही, घरचं आहे, हे सांगायची हीच संधी! असतील नसतील ते शब्द गोळा करून तो म्हणाला, "बायकोच्या आईचं."

म्हाताऱ्यांचा चेहरा एकदम मवाळ झाला. गेलेल्या माणसाच्या नावाने असं वाटप करतात, हे तर सगळेच जाणतात. त्यांनी हात वर केले आणि अल्लाहने या बाईंचे गुन्हे माफ करावेत, त्यांची कबर प्रकाशाने भरावी, अशी मोठी सुंदर दुआ मागितली. भोवतालचे लोक थांबले, त्यांनीही हात वर केले. आणि लहानपणापासून दुआ संपली की जे तोंडातून निघतं, तेच सिराजुद्दीनच्याही तोंडातून निघालं.

"आमीन," तो म्हणाला.

रातांबा पिकअपमध्ये बसून निघून गेला.

गर्दीत शराफिया मोहल्ल्यातला मुझम्मिल शिंपीही होता, दाभोळकडचाच. तो डोळे पुसत आला आणि सिराजुद्दीनच्या गळ्यात पडला. सिराजुद्दीन त्याला सांगू लागला, की अरे, सासू धडधाकट आहे. पण मुझम्मिल धक्का बसलेल्या माणसांना समजून घेणाऱ्यातला. त्याने सिराजुद्दीनच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या हाताने कोकणवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी टाकली.

सिराजुद्दीन घरी पोचेपर्यंत खैरुन्निसाला दहा जणींनी धीर दिला होता. तिने दाभोळला फोन लावला होता आणि तो खुद्द आईनेच उचलला होता.

"अगो खैरू," म्हातारी म्हणाली, "मी गेले म्हणून माणसं आल्येत दारात, नि मीच त्यांना चाय करून देत्ये. हे कोणी उठवलंन?"

कोणी उठवलं ते इकडे जेद्दात घराच्या दारातच उभं होतं. खैरुन्निसाने सगळं ऐकून घेतलं. आई जिवंत आहे म्हणून ती आधी पोटभर रडली. मग तिने विचारलं, "रातांबा कुठाय?"

सिराजुद्दीनने तेही सांगितलं. त्या दिवसापासून बांगड्याच्या कालवणात आमसुलाऐवजी चिंच पडायला लागली. कोकणातला माणूस याचा अर्थ समजून असतो: बायकोचा राग उतरलेला नाही. सिराजुद्दीन खाली मान घालून जेवायचा.

म्हाताऱ्यांचा ठावठिकाणा कोणालाच माहीत नव्हता. दर जुम्म्याला सिराजुद्दीन त्या मशिदीबाहेर आशेने उभा राहायचा आणि लोक येऊन त्याला सबुरीचा सल्ला देऊन जायचे. घरी दोघंही त्या झाडाचं नाव काढत नव्हती. पण रातांब्याचं गोणपाट तिने अजूनही धुऊन वाळत घातलेलं त्याने बघितलं, तेव्हा त्याला खरोखर भडभडून आलं.

आणि मग एका सकाळी आभाळ फुटलं. पाणी फाटकाशी आलं, तशी सिराजुद्दीनने जीव तोडून शिट्टी फुंकली. भिकू आणि माळी कुंड्या घेऊन धावले, पण पाणी त्यांच्यापेक्षा चपळ होतं. तेवढ्यात मशिदीच्या बाजूने हॉर्न ऐकू आले. शिट्टी वाजली की झाडं मिळतात, हे त्या एकाच तालमीत साऱ्या मोहल्ल्याला पाठ झालं होतं! एकामागून एक गाड्या येऊन उभ्या राहिल्या. पण समोर पाणी बघितलं आणि लोकांनी मागण्याऐवजी अंगातले पायघोळ थोब वर खोचले. कोणी जास्वंदी काढल्या, कोणी मोगरे, कोणी खताच्या गोण्या. बघता बघता नर्सरी रिकामी झाली. सिराजुद्दीन मोकळ्या जागेत उभा राहून बघत राहिला. या वेळी त्याच्या हातात रिमोटही नव्हता.

पाणी ओसरलं तशी झाडं परत येऊ लागली. एकूण एक आलं. नर्सरी बुडाल्याचं ऐकून अबू तुर्कीही पिकअप घेऊन आले. मरहूम बाईंची आठवण सांगणारी बाकी झाडं वाहून गेली असतील, निदान हे एक तरी लेकीजवळ असावं, म्हणून त्यांनी रातांबा परत आणला होता. कळ्या गळून त्या जागी हिरवी, गुंजेएवढी फळं धरली होती.

खैरुन्निसा कुंडीशी बसलीच. तिने फळांवरून बोट फिरवलं आणि तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारे अदबीने मान वळवून उभे होते. फोनमधून खणखणीत आवाज आला तेव्हा त्यांनी कोण म्हणून विचारलं. झाडाची मालकीण, असं सिराजुद्दीनने कबूल केलं. म्हातारे दोन पावलं मागे सरले. मग सगळा उलगडा झाल्यावर ते इतके हसले, की त्यांना पिकअपला टेकावं लागलं. आपण या बाईंसाठी रोज माफी मागत होतो, ती आता थांबवतो, असं ते म्हणाले. खैरुन्निसाने ते आईला सांगितलं.

"थांबवू नको म्हणावं," म्हातारी म्हणाली. "जमा राहू दे. पुढे लागेलच."

त्या दिवशी कालवणात पुन्हा आमसूल पडलं. सिराजुद्दीनला राहवेना. नीट बघितलं तर आपल्या योजनेप्रमाणे एकही झाड बुडालं नाही, उलट सर्वांत मोलाचं झाड सर्वांत आधी सुरक्षित जागी गेलं, असं त्याला म्हणायचं होतं. पण नर्सरीची शिट्टी आता खैरुन्निसाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात लटकत होती. त्याने ते वाक्य घासाबरोबर गिळलं.

हल्ली घरात त्याच्या अखत्यारीत एकच शिट्टी उरली आहे, कुकरची. ती तीनदा वाजली की गॅस बंद करायचा, एवढं नियोजन खैरुन्निसाने त्याच्यावर सोपवलं आहे. तेही ती जवळ उभी असताना!