त्या विषयाची कारणे व परिणाम

कोणत्याही समस्येचं नाव तोंडातून काढलं नाही, तर ती निम्मी तिथेच सुटते. उरलेली निम्मी सोडवायला समिती नेमावी लागते. सुरतेत डिंडोली-नवागाम भागात खानदेशातून आलेल्या समाजाचं जे मंडळ आहे, त्याला हे शहाणपण कोणी शिकवलेलं नाही. ते त्याच्या अंगातच आहे.

म्हणूनच 'किशोरवयीन गर्भधारणा : कारणे व परिणाम' या विषयावर समाजात जागृती करावी, अशी आरोग्य केंद्राकडून विनंती आली, तेव्हा मंडळाने ती एकमताने मान्य केली. फक्त विषय बदलला. अध्यक्ष दगाभाऊंचं म्हणणं असं पडलं, की जागृती जरूर व्हावी, पण दुसरा शब्द आयाबहिणींच्या डोक्यावर टांगणं बरं दिसत नाही. तो काढून पहिला ठेवला, तर लोक दुसरा मनातल्या मनात भरून घेतील, अशी शंका निघाली (शंका काढणाऱ्यांनी तो आधीच भरून घेतला होता). शेवटी दोन्ही शब्द गाळले आणि फलक रंगून आला : 'त्या विषयाची कारणे व परिणाम. मुलींसाठी भव्य वक्तृत्व स्पर्धा. सर्वांना आग्रहाचे आमंत्रण.'

मग समिती नेमली, दगाभाऊ तिचेही अध्यक्ष झाले, आणि या सगळ्याची जबाबदारी सुकदेववर आली. सुकदेव उधन्याच्या एका लूमच्या कारखान्यात मास्तर, म्हणजे यंत्र अडलं की ज्याच्या नावाने हाक जाते तो माणूस. मनाने चांगला, शब्दाला जागणारा, आणि कोणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की ज्याच्या पोटात कळ येते असा. मंडळाचं सचिवपद अशाच माणसाला देतात. त्यातून त्याची मुलगी मयुरी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला, तेव्हा विषयाचा अभ्यास त्याला घरबसल्या होता.

आधी कारणं शोधायची होती. त्यासाठी समाजाची पाहणी करायचं ठरलं, आणि समितीतले सगळे जण समाजातलेच असल्यामुळे ती समितीतच उरकली. निष्कर्ष असे : मोबाइल पंचेचाळीस टक्के. नवरात्रीतला गरबा पंचवीस टक्के. गच्ची वीस. ट्यूशन (विशेषतः सायन्सची) पंधरा. मुलींनी चालवायची स्कूटर दहा. लारीवरचं, म्हणजे हातगाडीवरचं, मंचुरियन पंचवीस. हे शेवटचं कलम महिला विभागाच्या प्रमिलाबाईंनी घातलं. त्यांना स्वतःला मंचुरियनने पित्त होतं, त्यामुळे त्या अधिकाराने बोलल्या. बेरीज एकशे चाळीस झाली. सुकदेवने दबक्या आवाजात तसं म्हणूनही पाहिलं. दगाभाऊ म्हणाले, वरचे चाळीस पुढच्या वर्षाला ठेवू, समाज वाढतोच आहे.

मुलगे या यादीत कुठेच आले नाहीत. त्यांचा या विषयाशी काही संबंध असल्याचा पुरावा समितीला आढळला नाही.

परिणामांच्या रकान्यात 'बदनामी' एवढंच लिहिलं.

याच बैठकीला आरोग्य केंद्रातल्या अश्विनी सिस्टर आल्या होत्या. त्या नवागामच्या गल्ल्यांतून हिंडतात, त्यामुळे त्यांचं ज्ञान जरा अर्धवट होतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, गरबा आणि मंचुरियन राहू द्या. माझ्याकडे सोळा-सतरा वर्षांच्या ज्या पोरी पोट घेऊन येतात ना, त्यांतल्या बहुतेकींच्या गळ्यात मंगळसूत्र असतं. तुम्ही लग्नं लावून देता, हेच कारण आहे."

मग प्रमिलाबाईंनी सिस्टरांची चूक गोडीत समजावून सांगितली. ती गोड बातमी असते, सिस्टर. ज्याचे पेढे वाटतात त्याला परिणाम म्हणत नाहीत. दगाभाऊंनीही खुलासा केला, की एकदा हळद लागली की मुलगी किशोरवयीन राहत नाही. ती बाई होते. मग तिचं वय कागदावर काही का असेना. कायदा अठरा म्हणतो याची समितीला पूर्ण कल्पना आहे, आणि कायद्याबद्दल तिला आदरही आहे. म्हणूनच ती त्याला लग्नाला बोलावून उगाच अवघडवत नाही.

सिस्टरांची सूचना आभारपूर्वक नोंदवली आणि त्यांना एक साडी दिली.

साडीचं असं आहे, की सुरतेत कोणत्याही कार्यक्रमाचा शेवट साडीत होतो. रक्तदान करा, साडी मिळते. झाड लावा, साडी मिळते. स्पर्धेसाठी कापड मार्केटातल्या एका व्यापाऱ्याने मोरपंखी रंगाच्या एकसारख्या साड्या पाठवल्या, आणि प्रमिलाबाईंच्या मनात आलं, की नंतर कशाला, मुलींनी त्या नेसूनच भाषण करावं. शाळेच्या गणवेशात पोरी अगदीच पोरी दिसतात. विषय गंभीर आहे, त्याला शोभेल असं दिसायला हवं. केसांत गजरा, हातात बांगड्या, आणि घरचं थोडंफार सोनं असेल तर तेही. सुकदेवला यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. मयुरी तेवढी म्हणाली, "पप्पा, साडी नेसून भाषण का बरं?" तो म्हणाला, "फोटो चांगला येस बेटा."

स्पर्धा मंडळाच्या वाडीत झाली (सुरतेत वाडी म्हणजे मळा नव्हे, लग्नाचा हॉल). आदल्या दिवशी तिथे लग्न होतं. मांडववाल्याने सजावट उतरवली नव्हती, आणि फुलं आणखी एक दिवस टिकतील असा अंदाज होता, म्हणून व्यासपीठ आयतंच मिळालं. नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्यांवर परीक्षक बसले. पुढच्या रांगेत ज्यांच्या घरी लग्नाचे मुलगे आहेत अशा बायका बसल्या. कोणी त्यांना तिथे बसवलं नव्हतं. पाणी जसं उताराकडे जातं, तशा त्या पुढे गेल्या.

स्पर्धेला नियम एकच होता : विषयाचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर गुण कापले जातील. त्यामुळे पहिल्या मुलीने मोबाइलवर भाषण केलं. दुसरीने जिजाऊंवर केलं. तिसरीने प्लास्टिकबंदीवर केलं आणि टाळ्या घेतल्या. दर भाषणाच्या वेळी पुढच्या रांगेत कुजबुज होई. उंची बरी आहे. दात पुढे आहेत का? वडील काय करतात? जागृती होते आहे, हे मागे उभ्या सुकदेवला स्पष्ट दिसत होतं.

सगळ्यांत शेवटी मयुरी उभी राहिली. तिने कागद आणलाच नव्हता.

"माझ्या आधी माझ्या आईला एक बाळ होतं," ती म्हणाली. "तेव्हा आई सोळा वर्षांची होती. आज मी आहे तेवढीच. बाळ दोन दिवस राहिलं. आईच्या अंगात रक्तच नव्हतं, तीही जाता जाता राहिली. आमच्या घरात याबद्दल कोणी बोलत नाही. आई अजून जिना चढली की मध्ये बसते. मला अजून शाळेत जायचंय. मला नर्स व्हायचंय. मोठ्यांनो, आमची लग्नं एवढ्या लवकर लावू नका, एवढंच मागते."

सुकदेवची बायको शोभा बायकांच्या मागच्या रांगेत खाली मान घालून बसली होती. त्या बाळाचं नाव काय ठेवायचं ठरलं होतं, ते त्याला इतक्या वर्षांनी आठवलं, आणि भर मंडपात त्याला हुंदका फुटला. पुढच्या रांगेत पदर डोळ्यांना लागले. दगाभाऊंनी चष्मा काढून पुसला. नियम मोडला नव्हता, विषयाचं नाव कुठेही आलं नव्हतं, त्यामुळे पहिलं बक्षीस मयुरीला मिळालं. ते कुकर होतं.

आता कोणालाही वाटेल, की एवढ्यावर समाज सुधारला. तसा तो सुधारलाही. चहाच्या वेळी दगाभाऊ सुकदेवच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "काय बोलनी रे तुनी पोर! डोयाले पानी उनं. आमना नितीनले अशीच पोर जोयजे."

नितीन म्हणजे दगाभाऊंचा पुतण्या. वय चोवीस, स्वतःची एम्ब्रॉयडरीची मशीनं, सुपारीचं व्यसन नाही. नितीनच्या आईला मुलगी फारच आवडली होती. धीट आहे. मायाळू आहे, आईचं दुःख जाणते. सासूचंही जाणेल. शिवाय साडीत काय दिसते! एकूण सात मुलींना त्या दुपारी मागण्या आल्या. प्लास्टिकबंदीवालीला दोन आल्या.

घरी शोभाने कुकर ओट्यावर ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मना येळले माले कोनी इचारं नही. हिले तरी इचारा."

सुकदेवने विचारलं. तो जुन्या वळणाचा बाप नव्हता. मयुरीने त्याच्याकडे बघून सांगितलं, "माले शिकनं शे." तो कुकरचं झाकण लावून बघू लागला, तशी तिने तेच गुजरातीत सांगितलं, "मारे भणवुं छे, पप्पा." मग हिंदीत सांगितलं, "मुझे पढ़ना है." सुकदेवला तिन्ही भाषा उत्तम येतात.

"तुम्ही मन्हं भाषन आयकं ना?" तिने विचारलं.

"आयकं ना बेटा. म्हनीसन तं त्या लोके तुले मांगाले उनात."

तरीही त्याच्याविषयी खोटं बोलू नये. दुसऱ्या दिवशी तो नकार द्यायलाच निघाला होता. 'पोरगी शिकते आहे, आत्ता नको' हे वाक्य त्याने रस्ताभर घोकलं. दगाभाऊंच्या घरी गरम लोचो आला, त्यावर शेव आली, चहा आला. वाक्य जिभेवर आलं तेव्हा पोटात कळ आली. कळ गेली तेव्हा त्याच्या हातात नारळ होता. फक्त बोलणी झाली, लग्न अठरा पूर्ण झाल्यावरच, असं दगाभाऊंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. समितीच्या अध्यक्षाला ते शोभूनही दिसलं. पण नितीनच्या आजीला नातसून डोळ्यांनी बघायची इच्छा झाली. आजी तोवर टुणटुणीत होती, इच्छा होताच खंगू लागली. तारीख पुढची अलीकडे आली. लग्न आखाजीला, म्हणजे येत्या अक्षय्य तृतीयेला ठरलं, तेही सुरतेत नाही, गावाकडे. सुरतेत हल्ली लोक फार चौकशा करतात. अश्विनी सिस्टरांना पत्रिका द्यायची राहूनच गेली.

मंडळाच्या अहवालात मात्र सगळं स्वच्छ मांडलेलं आहे. स्पर्धेत भाग घेतलेल्या मुलींपैकी सात जणींची लग्नं जमली. त्या आता किशोरवयीन राहणार नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत तो विषय उद्भवण्याचा प्रश्नच नाही. समितीने इतक्या थोड्या वेळात एवढं निर्मूलन केलं, याबद्दल तिचं अभिनंदन झालं आणि तिला पुढल्या वर्षासाठी मुदतवाढ मिळाली.

मयुरी हल्ली घरात फारशी बोलत नाही. पुस्तकं तिने स्वतःच मैत्रिणीला देऊन टाकली. देताना एक परत मागून घेतलं, मग तेही दिलं. सुकदेवने ते दारातून पाहिलं आणि त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं. रात्रीचं जेवण गेलं नाही. दोनदा तो दगाभाऊंच्या गल्लीपर्यंत जाऊन आला, पण त्यांच्या दारात मांडववाला, आचारी, बँडवाला अशी वर्दळ होती. एवढ्या लोकांची कामं चालू असताना मध्येच जाऊन बोलणं त्याला असभ्यपणाचं वाटलं.

लग्नाला सुरतेहून लक्झरी बस ठेवली आहे. तुम्हीही येणारच, ओळखीतलं लग्न आहे. हे सगळं वाचून तुम्हाला सुकदेवचा राग आला असेल, आणि तो येणं तुमच्या सुशिक्षितपणाला धरूनच आहे. मांडवात तुम्ही चांगल्या जागी, पंख्याखाली बसाल. नवरी बाहेर येताच शेजारच्याच्या कानाशी लागून म्हणाल, "जरा लहानच वाटते, नाही?" तो म्हणेल, "जाऊ द्या हो, आपल्याला काय करायचंय?" तुमच्या मनावरचं ओझं उतरेल. अशा वेळी कुठे फोन करायचा असतो, तो नंबर तुम्हाला ठाऊक आहे. मोबाइल हातातच असेल. त्याने तुम्ही नवरीचा एक फोटो काढाल, कारण ती इतकी गोड दिसत असेल. तेवढ्यात अक्षता वाटणारा तुमच्या रांगेत येईल, आणि तुम्ही हात पुढे कराल.