नाइसबंदी

"आपल्या दुकानातून एकही गिऱ्हाईक तोंड वाकडं करून गेलेलं नाही!" टेलरमास्तर छाती फुगवून सांगायचे.

कसं जाईल? ट्रायलरूमचा पडदा सरकला रे सरकला, की मास्तर, त्यांची बायको आणि कटिंगवाला एका सुरात ओरडायचे, "नाइस!" कोट पोत्यासारखा लोंबो, पँट बेडीसारखी आवळो, नाइस! खोटं बोलायला परका शब्द बरा. जीभ भाजत नाही.

पण मेहुणा आला आणि माती झाली. हा माणूस शब्दकोश वाचतो, तोही करमणूक म्हणून!

"भावजी, 'नाइस'चं मूळ ठाऊक आहे? लॅटिनमध्ये 'काही न कळणारा'. इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता मूर्ख! पुढे नखरेल झाला, मग काटेकोर, आणि घासून घासून शेवटी छान."

"म्हणजे इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना तोंडावर मूर्ख म्हणतोय?"

"अहो, आता अर्थ चांगलाच आहे..."

"मुळात खोट ती खोटच! आजपासून दुकानात हा शब्द बंद!"

"मग म्हणायचं काय?" कटिंगवाला.

"दुसरं काहीतरी!"

ते दुसरं काय, हे ठरायच्या आत हॉटेलवाले शेठ नमुन्याचा कोट घालून बघायला हजर! कोट पसंत पडला तर त्यांच्या सगळ्या नोकरांचे गणवेश मास्तरांकडे. नाही तर समोरच्या दुकानात!

पडदा सरकला. तीन तोंडं उघडली आणि तशीच मिटली. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. टेलरच्या दुकानात टाचण्या पडतातच, त्यामुळे ऐकूही आली!

"का हो? मयताला आल्यासारखे का उभे?" शेठ खेकसले.

मास्तर पुढे सरसावले. "कोट... कोट आहे!"

"ते मलाही दिसतंय!"

"डावा खांदा उतरलाय," बायको म्हणाली. मास्तरांनी डोळे वटारले. "डोळे काय वटारता? त्याने खांदा वर येणार आहे का?"

"पाठीत घोळही आहे," कटिंगवाल्याला कंठ फुटला.

"आणि खाली बसलात, तर बटण समोरच्याच्या डोळ्यात जाईल!" बायको.

"बस्स!" शेठ गरजले. मास्तरांना सगळे गणवेश रांगेने रस्ता ओलांडताना दिसू लागले.

"तीन दुकानं फिरलो. सगळीकडे नुसती वा वा! अरे, आरसा नाही का माझ्याकडे? इथे पहिल्यांदा कुणीतरी माझ्या अंगाकडे नीट पाहिलं. ऑर्डर तुमची!"

जिंकलं! कटिंगवाल्याने शिट्टी मारली. मेहुण्याला मास्तरांनी अशी मिठी मारली, की त्याचा चष्मा वाकला.

"शेठ, मापं घ्यायला उद्याच येतो!"

"तुम्ही नाही. बाई येतील."

हल्ली टेप बायकोच्या गळ्यात असते आणि तिला विचारल्याशिवाय कात्री चालत नाही. दुकानात उभं राहायला जागा नाही! मास्तर मशिनीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "खरं बोलायचं धोरण आपलंच!"

परवा त्यांनी मोठ्या झोकात एक बाही जोडून बायकोपुढे धरली. तिने ती उजेडात नेली, उलटी केली, सुलटी केली.

"उसवा!"