म्हसोबाचा बुधवार

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असे मी वचन दिले आहे. मात्र ते देताना माझे तोंड भरलेले होते, म्हणून मी नुसती मान हलवली. नुसत्या मानेने दिलेले वचन फारसे घट्ट नसते, असे मी अलीकडे स्वतःला समजावते. (शिवाय मी सांगत नाही, लिहिते आहे. मला चारचौघांत बोलता येत नाही, हे आमच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे.)

लढाईमुळे रंगूनचा तांदूळ बंद झाला आणि आमच्या शहापुरात तांदूळ कार्डावर मिळू लागला. माझे वडील, अण्णा, कचेरीत कारकून आहेत. आई त्या दिवसांत आधी नाचणीची भाकरी वाढायची, मग पेज, आणि भाताची वेळ आली की "पोट भरलं ना गो?" असे इतक्या मायेने विचारायची, की नाही म्हणायला जीभ उचलत नसे.

अशात माझ्या बहिणीला, वत्सलाआक्काला, पाहायला मुरबाडच्या बाजूचे पाहुणे यायचे ठरले. मुलगा शाळामास्तर. आधीच्या एका स्थळाने आक्काला अंगणात चालून दाखवायला लावले होते. तेव्हापासून पाहुणे म्हटले की ती मुकी व्हायची. या मास्तरांनी मात्र निरोप धाडला होता, "मुलगी काय वाचते, तेवढं विचारून ठेवा." तो निरोप आक्का माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेत होती. हे स्थळ जाऊ नये असे तिला वाटते आहे, हे तिने सांगितले नाही. पण विहिरीवर ती गुणगुणू लागली, तेव्हा मला कळले.

अडचण एकच होती. डब्यात तांदूळ होता तो पाहुण्यांपुरता किंवा आमच्यापुरता. दोघांपुरता नव्हता.

अण्णांनी तोड काढली. "आपण उपास धरू. पाहुणे जेवतील, आपण वाढू."

"आणि फराळाला काय करू?" आई म्हणाली. "साबुदाणा डोळ्यांनी पाहिलाय का यंदा?"

"म्हणून कडक धरायचा. नुसतं पाणी."

"अहो, ते येणार बुधवारी. बुधवारी कसला उपास?"

"तेच तर!" अण्णा खूश झाले. "सोमवार म्हटलं तर त्यांचाही निघेल. बुधवारी कुणाचाच नसतो." (सरकारचे काम कसे चालते, ते मला त्या दिवशी थोडेसे समजले.)

बुधवारी भर दुपारी पाहुणे आले. पहाटे बैलगाडी जुंपून, सापगावापाशी नदी उतरून आले होते. मास्तर, त्यांचे वडील म्हादबा आणि आई हिराबाई. मास्तरांनी आक्काला पुस्तकांबद्दल विचारले आणि आक्काने मान वर करून उत्तर दिले. दाराआड आईने माझा हात इतका दाबला, की बांगडी रुतली.

"चला, पानं घेऊ," अण्णा म्हणाले. "आपण बसा, आम्ही वाढतो. आमचा आज उपास आहे."

म्हादबांनी हिराबाईंकडे पाहिले. "आमचा बी उपासच हाय."

"बुधवारी?" अण्णांच्या तोंडून निसटले.

"का? तुमचाबी बुधवारीच हाय न?"

"हो, हो. आहे ना."

"कुनाचा म्हनायचा?"

"म्हसोबाचा," अण्णा म्हणाले. पाहुणे मुरबाडकडचे, तिकडे म्हसोबाची मोठी जत्रा भरते, तेव्हा त्यांना बरे वाटेल, असा अण्णांचा हिशेब असावा. त्याच क्षणी दाराआडून आई म्हणाली, "कुलदेवाचा."

"म्हसोबाला उपास?" म्हादबा चक्रावले. "आमच्याकडं तर त्याला बोकड..."

हिराबाईंनी कोपराने ढोसले. "चालतो उपास. आमचाबी त्याचाच."

"मग थोडं फराळाचं..." अण्णा अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"नाय नाय. आमचा कडक."

"आमचाही कडकच."

"चहा चालतो," अण्णा आणि म्हादबा एकदम म्हणाले आणि दोघांनाही हायसे वाटले.

गुळाचा चहा झाला. मग म्हादबांनी नाक वर केले. "आनि ह्यो भाताचा वास?"

घरभर वास सुटला होता. आक्काच्या नशिबासाठी आईने भात अगदी मोकळा शिजवला होता. अण्णांनी छताकडे पाहिले. "तो नैवेद्याचा. गाईला घालायचा."

"समदा?"

"सगळा," अण्णा म्हणाले. तो शब्द त्यांच्या घशातून कसा बाहेर आला, देव जाणे.

"मग चला, आमीबी हात लावतो. देवाचं काम हाय."

आता माघार कशी घ्यायची? आईने भात परातीत काढला. तिचा चेहरा मी पाहिला नाही, पाहवला नाही. सगळी मंडळी शेजारच्या जनीकाकूंच्या गोठ्याकडे निघाली. मागे राहिलेली मी चुलीपाशी खिडकीतून पाहत होते. आईने केळीच्या पानावर भाताचा एवढासा ढीग घातला.

"हात आखडू नका, वयनी," म्हादबा म्हणाले. "देव बघतोय."

गाईने पान हुंगले, भाताखालून ओढले आणि पानच खाल्ले. भाताकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही.

आवाज ऐकून जनीकाकू बाहेर आल्या. परात पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "भात? गाईला? तुमाला झालंय काय ओ! ती कोंड्यावर वाढल्येली. माज्या पोरांनी भाताचं तोंड बगितलं नाय दिवाळीपास्नं. द्या ती परात हिकडं!"

काकूंनी परात घेतली, गाईपुढचा भातही पदरात भरला आणि त्या आत गेल्या. अण्णा रिकाम्या हातांनी उभे होते. आत पोरांचा एकच गलका उठला. तो ऐकून अण्णा हळूच हसले, असे मला वाटले. पण लांबून नीट दिसले नाही.

घरात मी एकटी. पुढ्यात भाताचे पातेले, आणि त्याच्या तळाला लालसर, कुरकुरीत खरवड. मी उलथण्याने ती काढली, मीठ भुरभुरले आणि मोठा घास तोंडात कोंबला.

"पानी मिळंल का गो?"

दारात हिराबाई होत्या.

माझ्या तोंडात भात नव्हताच. आक्काचे लग्न होते. ते गिळता येईना आणि थुंकताही येईना. घर खोटे ठरले, आता या गाडी जुंपायला सांगतील, आणि आक्का पुन्हा मुकी होईल, एवढे सगळे त्या एका घासात मला दिसले.

हिराबाईंनी पातेल्यात डोकावले. "समदी खाल्लीस का?"

मी मान हलवून नाही म्हटले.

त्यांनी दार लोटले, पदर खोचला आणि माझ्यासमोर बसकण मारली. "मीठ दे."

आम्ही दोघींनी खरवड खाल्ली. त्या डोळे मिटून चावत होत्या. "सरकारच्या लेव्हीवाल्यांनी भाताची कनगी झाडून नेली गो," त्या म्हणाल्या. "भात आमी पिकवायचा आनि नाचनी खायची. तुमच्या दारात वास आला नि जीव खालीवर झाला. पन मीच यांना बजावल्यालं, कार्डावरल्या मानसांचा घास खायचा नाय." मग एक डोळा उघडून त्यांनी विचारले, "तुमचा म्हसोबा कदीपास्नं?"

"परवापासून," मी म्हणाले. दिवसभरातला तो माझा पहिला शब्द.

"आमचा सकाळपास्नं. गाडीत धरला."

हसू दाबताना त्यांचे सगळे अंग हलत होते. मग बोट ओठांवर ठेवून म्हणाल्या, "कुनाला सांगायचं नाय." माझ्या तोंडात शेवटचा घास होता, म्हणून मी मान हलवली. तीच ही मान.

बाहेर जाऊन त्यांनी पदराने तोंड टिपले आणि गंभीरपणे सांगितले, "पोरगी पसंत हाय. देवाधर्माचं घर हाय."

लग्न झाले. आक्का सुखात आहे; मास्तर तिला वाचायला आणून देतात. म्हसोबाचा बुधवार मात्र दोन्ही घरांना चिकटला तो चिकटलाच. सोडायचा तर आधी कुणी सोडायचा? आक्का सांगते, तिकडे बुधवारी सगळे उपाशी असतात. सासूबाई तेवढ्या दुपारी भांडी बघायला म्हणून आत जातात आणि बऱ्याच वेळाने येतात.

आमच्याकडे आम्ही जेवत नाही, म्हणून तांदूळ वाचतो. वाचलेल्याचा नैवेद्य होतो, कारण पुढल्याच बुधवारी जनीकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "आज देवाचं काय नाय का ओ?" तेव्हापासून परात त्यांच्या पोरांकडे जाते. गाईकडे कुणी नेत नाही. चांगल्या दिवसांत आमच्या घराने कुणाला परातभर भात दिल्याचे मला आठवत नाही. तो या दिवसांत जातो, याचे मला नवल वाटते.

बुधवारचे पातेले मी आपणहून घासायला घेते. आईला त्याचे फार कौतुक. "समजूतदार झाली हो पोर," असे ती अण्णांना सांगते आणि अण्णाही मान डोलावतात. बिचाऱ्यांना काय ठाऊक! आज बुधवारच आहे. त्या खरवडीची गोष्ट हिराबाई आणि मी सोडून या जगात कुणालाही

"गोदे! अगो, खरवड गार झाली! आणि सगळी फस्त करू नकोस हो, मागल्या वेळी अण्णांना उरली नाही. कधीचे मीठ घेऊन उभे आहेत!"

म्हणजे आईला पहिल्यापासून, आणि अण्णासुद्धा, आणि मी आपली इतके दिवस