डाव्या मडगार्डचा कोपरा

पहिली ताकीद, सासऱ्यांची, फोनवरून: "गाडीच्या पत्र्यावर तिच्याच रंगाची नवी फिल्म बसवलीय. आठवडाभर पाण्याचा थेंब लागता कामा नये."

दुसरी ताकीद, त्याच फोनवर, मध्ये श्वासही न घेता: "आणि घाण क्षणभरसुद्धा राहू द्यायची नाही. पक्ष्यांची तर मुळीच नाही. फिल्मवर डाग बसतो."

जावयाने दोन्हींना "हो बाबा" म्हटलं होतं. दोन्ही एकदमच पाळायची वेळ येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. आज सकाळी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ती वेळ आली. वरच्या पाइपावर बसलेल्या कबुतराने आपलं काम उरकलं आणि ते दुसरीकडे बघू लागलं. खाली सासऱ्यांची मरून रंगाची गाडी. डावं मडगार्ड. हेडलाइटच्या अगदी शेजारी.

जावयाने बायकोला हाक मारून खाली बोलावलं.

सासऱ्यांनी आयुष्यभर कारखान्यात दुसऱ्यांच्या मालातले दोष काढायचा पगार घेतला होता आणि निवृत्तीनंतर तेच काम ते फुकट करत होते. लग्न झाल्यापासून जावयाने ठोकलेला एकही खिळा त्यांना सरळ सापडला नव्हता. त्यांच्या घरासमोरचा रस्ता खोदून ठेवला होता, म्हणून भावाकडे जाताना गाडी इथे ठेवावी लागली. किल्ली त्यांनी जावयाच्या तळहातावर ठेवली, पण लगेच सोडली नाही. "ही पहिलीच वेळ आहे हं," ते म्हणाले होते. शेवटचीही ठरू शकते, हे नजरेने सांगितलं होतं.

"पुसून टाक ना," बायको म्हणाली.

"पाणी लावायचं नाहीये."

"मग नको पुसूस."

"घाण ठेवायची नाहीये."

"मग कबुतरालाच बोलाव परत. त्याचं ते नेईल."

जावयाने मऊ फडकं भिजवलं आणि हात दुखेपर्यंत पिळलं. हे पाणी नव्हे, नुसता ओलसरपणा आहे, असं स्वतःला बजावत त्याने घाण अलगद टिपली. निघाली! डागसुद्धा नाही. जावई गुडघ्यावर बसला, तिरकी मान करून बघितलं, आणि त्याला फिल्मच्या आत तीन बुडबुडे दिसले.

खरं म्हणजे तिसरी ताकीदही होती. 'आत थोडं पाणी राहतं, बुडबुडे आपोआप सुकतात, हात लावू नका' असं फिल्म बसवणाऱ्या कारागिराने सासऱ्यांना सांगितलं होतं, आणि सासऱ्यांनी ते जावयाला. पण तोवर जावई सवयीने "हो बाबा, हो बाबा" म्हणत गॅसवरचं दूध बघत होता.

"मीच केले हे," तो म्हणाला. "पाणी आत गेलं. तुझा केस वाळवायचा ड्रायर आण."

"बाबांना फोन करून विचार की."

"वेडी आहेस का? मग त्यांना कळेल!"

ड्रायरच्या गरम हवेने बुडबुडे सुकायचे सोडून फुगले. फुगून शेजाऱ्यांना भेटायला गेले. जावई कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "आधी तीन होते गं!"

"आता एकच आहे. प्रगती आहे."

एकच होता, पण लिंबाएवढा. जावयाने खिशातलं एटीएम कार्ड काढलं आणि बुडबुडा कडेच्या दिशेने ढकलत नेला. बुडबुडा शहाण्यासारखा बाहेर पडला. जाताना त्याने फिल्मची कडा उचलली. उघड्या गोंदावर धूळ बसली. ती पुसायला कडा जराशी, अगदी जराशी वर धरली, आणि ड्रायरने मऊ झालेली फिल्म तळहाताएवढी सुटून हातात आली.

खाली ओरखडा होता.

बारीक, पण चांगला बोटभर लांब. "हा माझ्या कार्डाने पडला," जावई म्हणाला.

"अरे," बायको वाकून म्हणाली, "तू फिल्मच्या वरून घासलंस. ओरखडा खाली कसा पडेल?"

"हे तुझ्या वडिलांना तू सांगशील?"

तिने विचार केला. "नाही," ती म्हणाली, आणि ड्रायर घेऊन वर निघून गेली.

तेवढ्यात फोन वाजला. "जावईबापू, इकडचं काम लवकर आटोपलं. रस्त्यातच आहोत. पोचतोच."

टॅक्सी थांबली तेव्हा जावई डाव्या मडगार्डला टेकून उभा होता. लग्नाच्या फोटोतही तो इतका ताठ नव्हता. सासूबाई मागून पिशव्या काढत होत्या. सासरे थेट गाडीकडे आले. पाठीमागून सुरुवात. डिकी. मागचं दार. टपावरून एक बोट. बोटाकडे बघणं. पुढचं दार.

"सरका जरा."

"बाबा, इथे ऊन..."

"पार्किंगमध्ये?"

जावई सरकला आणि त्याने डोळे गच्च मिटले. ओरडा आला नाही. त्याने एक डोळा उघडला. सासरे त्याच्या शेजारी, मडगार्डला पाठ लावून, अगदी त्याच्यासारखेच ताठ उभे होते. चेहरा पांढराफटक.

"हिने पाहिलं?" ते कुजबुजले.

"आईंनी? नाही."

"फाटकाला घासली माझ्याकडून. म्हणून तर फिल्म बसवली. हिला म्हटलं, गाडी जपायला हवी." त्यांनी चोरून मागे पाहिलं. कपाळाला आठी पडली. "पण चांगला मोठा होता हो. बारीक कसा झाला?"

"अहो, दोघे मिळून कसला पहारा देताय?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, काही नाही! जावईबापूंनी गाडी काय ठेवलीय, ते बघतोय!" सासऱ्यांच्या तोंडून जावयाचं हे पहिलंच कौतुक. "इतकी छान ठेवलीय, तर महिनाभर राहू दे इथेच."

जावयाचा जीव भांड्यात पडला, आणि 'महिनाभर' ऐकून तसाच परत बाहेर आला.

सासरे पिशव्या घेऊन लगबगीने वर गेले. सासूबाई मागे रेंगाळल्या, सुटलेल्या फिल्मकडे त्यांनी एकदा पाहिलं. त्यांनी पर्समधून एक चिमुकली बाटली काढून जावयाच्या हातात ठेवली. नेलपॉलिश. मरून. सासूबाईंची नखं मात्र जन्मात कधी रंगलेली कोणी पाहिली नव्हती.

शेवटची ताकीद, कानाजवळ येऊन: "ओरखड्यावर याचे दोन हात मीच दिले होते, फिल्म बसायच्या आदल्या दिवशी, हे झोपल्यावर. तिसरा राहिला होता, तो तुम्ही द्या. नीट वाळू द्या. आणि मला माहीत असल्याचं ह्यांना कळू देऊ नका. फार घाबरतात हो."

"हो आई," जावई म्हणाला. या वेळी त्याने शब्दन् शब्द ऐकला होता.

वर पाइपावर पंख फडफडले. त्याने चटकन सदरा काढला आणि मडगार्डवर पसरला.